चौथी-पाचवीच्या मुलांना स्थानिक चित्रकार आणि संग्रहालयाची ओळख करून द्यायला वर्गात कोणते उपक्रम घ्यावेत?

दुकानातून आणलेली तयार चित्रं प्रकल्पवहीत चिकटवून घेणं हा उपक्रम नव्हे, हे आधी सांगून टाकतो. ते काम रात्री अकराला आई करत बसते.

मी कोल्हापुरात चित्रकला शिकवायचो. आमच्या मुख्याध्यापकांच्या लेखी संग्रहालयाची भेट म्हणजे टाऊन हॉलमधल्या संग्रहालयातून रांग न मोडता अर्ध्या तासात सगळी पोरं बाहेर काढणं. "सर, सगळं दाखवा." माझं म्हणणं, एकच वस्तू दाखवा. यावरून दरवर्षी खडाजंगी ठरलेली.

एका वर्षी पाचवीचा वर्ग एकट्या माझ्या हाती लागला. जायच्या आधी वर्गात फळ्यावर काहीही न काढता नुसतं तोंडी सांगितलं: ब्राँझचा पुरुष, दाढीवाला, अंगावर कपडा नाही (इथे पाच मिनिटं खिदळण्यात गेली), एक हात उंचावलेला, हातात काही नाही. काढा! कुणी पैलवान काढला, कुणी खंडोबा. मग नेलं. पोरांना वाटलेलं माणसाएवढा असेल, निघाला वीतभरसुद्धा नाही. हा ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेला. एक मुलगी म्हणाली, "सर, समुद्राचा देव पंचगंगेवर कशाला आला?" मी उत्तर दिलं नाही. नकाशा काढायला लावला, रोमपासून कोकणातल्या बंदरांपर्यंत आणि तिथून घाट चढून वर. रिकाम्या हातात काय असेल यावर आठवडाभर भांडणं चालली. गदा, छत्री, माशाचं जाळं.

"बाकीचं संग्रहालय कोण बघणार?" असं मला ऐकवण्यात आलं. पोरांनी रविवारी आईबापांना ओढून नेलं आणि बघितलं की!

चित्रकारांचं म्हणाल तर सनावळ्या पाठ करून घेऊ नका. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटीतीर्थ तळ्याच्या काठी बसून तेच तळं पुन्हा पुन्हा रंगवायचे. तुम्हीही मुलांना एकाच जागी सकाळी आणि संध्याकाळी रंग घेऊन बसवा, निळ्या पाण्याची सवय आपोआप सुटते. कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, ते सांगा आणि बुटाच्या खोक्याला पुढून टाचणीचं भोक, मागून बटर पेपर लावून द्या. उलटं मैदान दिसलं की मधली सुट्टीसुद्धा विसरतात.

हे तीस-चाळीसच्या वर्गाला जमतं, सत्तरच्या नाही. पाण्याकाठी पालक बरोबर हवेतच. संग्रहालयाला आधी पत्र द्या, नाहीतर मुलांना जमिनीवर बसू देत नाहीत. तुमच्या गावात संग्रहालय नसेल तर पाट्या रंगवणारा पेंटर किंवा गणपती करणारा कुंभार वर्गात बोलवा, त्याला चहा द्या आणि तासभर नुसतं काम करू द्या. भाषण करायला सांगू नका.

रांगेचा एक फोटो मात्र काढून ठेवा. अहवालाला तोच लागतो.