अंदमानला नेलं, तरी बाबा गप्पच

मी कुटुंबांचं समुपदेशन करते. उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की माझ्याकडे एक तक्रार ठरलेली येते. "मॅडम, एवढा खर्च करून सगळ्यांना फिरायला नेलं आणि भांडण तिथंच झालं. आता घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही." आमच्या यवतमाळ भागातली माणसं पूर्वी शेगावला, माहूरला, फार तर तिरुपतीला जायची. आता दारव्हा, दिग्रस, पुसदकडची कुटुंबंही नागपूरहून विमान धरतात आणि अंदमानच्या रिसॉर्टात चार-पाच दिवस राहून येतात. मला याचा मनापासून आनंद आहे. कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरानं समुद्र का पाहू नये? पण परत आल्यावर अनेकजण मला एकच विचारतात: "आमच्या घरातच काही खोट आहे का?"

बहुतेक वेळा खोट नसते. नेमकं काय असतं, ते एका कुटुंबाच्या गोष्टीतून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

निखिलचं तालुक्याला कृषी केंद्र आहे. बायको प्राजक्ता शाळेत शिकवते. दोन लेकरं आणि आई-बाबा, सगळे गावातल्या घरात एकत्र राहतात. वावर अजून बाबाच पाहतात. जून लागला की निखिलला दुकानातून मान वर काढता येत नाही, म्हणून मेमध्ये जायचं ठरलं. आधी पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्रीविजयपुरम, आणि मग स्वराज द्वीप. २०१८ पर्यंत या बेटाला हॅवलॉक म्हणत. समुद्रासमोर दोन कॉटेज, सकाळचा नाश्ता पॅकेजमध्येच.

पहिल्यांदा निखिल आणि प्राजक्ता दोघेच आले. निखिलच्या बोलण्यात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं.

"मी काय कमी केलं, मॅडम? एसी रूम, दारात समुद्र. आणि बाबा चार दिवस तोंड पाडून बसले. परत आल्यापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात."

"तुम्हाला त्यांच्याकडून काय हवं होतं?"

तो बराच वेळ थांबला. "एकदा म्हणायचं होतं ना, पोरा, बरं वाटलं."

हे वाक्य मी मनात ठेवून दिलं. कुटुंबासोबत काम करताना कोण बरोबर आणि कोण चूक याच्या मागे मी फारशी लागत नाही. घरात कोण कुठे उभं आहे, कोण देतं, कोण घेतं, कोणाच्या हातात काय आहे, ते मी पाहते. सॅल्व्हाडोर मिनुचिन यांच्यासारख्या कुटुंबोपचारकांनी ही नजर दिली आणि इतक्या वर्षांत तिनं मला क्वचितच दगा दिला आहे. निखिलच्या घरात बाबा हे देणारे. पेरणी कधी, खत किती, कोणाला उधार द्यायचं, सगळं त्यांच्या शब्दानं. आणि बेटावर?

बाबा नाखुशीनंच आले. खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकाशी बसले. "मले काही झालं नाही जी. पोराले समजवा."

मी म्हटलं, "समजावणं राहू द्या. तिथं सकाळी उठून काय करायचे, तेवढं सांगा."

इथून ते बोलू लागले. अंदमान आपल्या बरंच पूर्वेला आहे, घड्याळ मात्र आपलंच. मेमध्ये तिथं पाच वाजताच सूर्य वर येतो. बाबा तर चारला उठणारे. लेकरं नऊपर्यंत झोपलेली. कॉटेजसमोर जंगली बदामाचं झाड होतं आणि रात्रीच्या वाऱ्यानं त्याची तळहाताहून मोठी, लालसर पानं पायरीभर पडलेली असायची. दुसऱ्या सकाळी बाबांनी ती हातानं गोळा केली, देठ एका बाजूला करून रचली आणि झाडाच्या बुडाशी ढीग लावला. नारळाच्या झावळीनं पायरी झाडून काढली. तेवढ्यात रिसॉर्टचा पोरगा "सर, आप मत कीजिए" म्हणत धावत आला. आवाजानं निखिल जागा झाला आणि दारातूनच ओरडला, "बाबा, पैसे भरले आहेत आपण! इथं तरी गडी होऊ नका."

"म्या माह्या दारापुढचं झाडलं, तर मी गडी?" बाबा मला विचारत होते. "घरी कधी असं बोलला नाही तो. तथी मले कोनी कामच सांगे ना. खा, बसा, पाहा. किती पाहू?"

त्या सकाळनंतर ते गप्प झाले. आई नवऱ्याच्या बाजूनं सुनेला म्हणाल्या, "तुमच्या हौशीपायी झालं सारं." बेत निखिलचा होता, पण बोल प्राजक्ताला बसला. अशा भांडणात हे नेहमीचंच: दोघांत ताण असतो आणि झळ तिसऱ्याला लागते, बहुतेक वेळा सुनेला.

मी विचारलं, "सगळ्या सहलीत काहीच आवडलं नाही?"

"जेल पाह्यलं." आणि मग ते सेल्युलर जेलबद्दल एकदम भरभरून बोलू लागले. १९०६ मध्ये बांधून पुरं झालेलं जेल, सात बाहूंपैकी आता उभे असलेले तीनच. पण बाबांच्या मनात राहिला होता तेलघाणा. तिथं कैद्यांना घाण्याला जुंपायचे आणि रोज तीस पौंड तेल काढायला लावायचे. "बैलाच्या जागी मानूस, मॅडम. म्या त्या दांड्याले हात लावून पाह्यला." निखिल तेव्हा प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी घाई करत होता. सबंध सहलीत जिथं श्रम दिसले, तिथंच या माणसाला बोलावंसं वाटलं, आणि नेमकं तेव्हा ऐकायला जवळ कोणी नव्हतं.

पुढे चौघांना एकत्र बसवलं. सुरुवातीला निखिल खर्चाचे आकडे सांगत राहिला, आई पदराशी चाळा करत राहिल्या. मग निखिल म्हणाला, "निघायच्या दिवशी तर कहरच केला. जेट्टीवर अर्धा तास समुद्राकडे तोंड करून उभे. आम्ही हाका मारतोय आणि हे रुसून बसलेले."

बाबांनी मान वर केली. "रुसून कायले? ढग पाहून रायलो होतो."

"ढग?"

"मानसून तथूनच येते ना. लहानपनापासून रेडिओवर आयकतो, अंदमानात पाऊस आला. ते आयकलं का म्या बियान्याचं पाहायले लागतो. यंदा त्याच्या गावालेच जाऊन आलो. काळे ढग खालून भरून येऊन रायले होते. मनात म्हनलं, तू ये हळूहळू, मी पुढं होतो."

खोलीत कोणी बोललं नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याला अंदमान म्हणजे काय, हे मला तेव्हा उमगलं. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथं पोचलेला मोसमी पाऊस आपल्याकडे यायला जूनचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडतो. मधल्या दिवसांवर या माणसाचं सगळं वर्ष तोललेलं असतं. पोराच्या लेखी ते निळं पाणी आणि रिसॉर्ट होतं. बापाच्या लेखी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली त्याचं ते गाव होतं. इतकी मोठी गोष्ट मनात घेऊन ते जेट्टीवर उभे होते, आणि घरच्यांना ते रुसलेले दिसले.

"मग सांगितलं का नाही?" निखिलचा आवाज पडला होता.

"तू इचारलं कोठी? तू म्हने, मजा आली का. आता ढगाले मजा म्हनू काय?"

निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जे बाहेर आलं त्यासाठीच मी थांबले होते. "बाबा, २००६ मध्ये तुम्ही बैलजोडी विकून माझी फी भरली. तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस तुम्हाला अशा ठिकाणी नेईन, की..." पुढे त्याला बोलवेना.

ते वर्ष आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे त्याच वर्षी पंतप्रधानांचं मदत पॅकेज जाहीर झालं. त्यातल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत यवतमाळही होता.

बाबा म्हणाले, "म्या काय व्याजानं देल्लं होतं का तुले?"

शब्द कडक होते, पण म्हणताना त्यांचा हात निखिलच्या गुडघ्यावर होता. मी मध्ये काही बोलले नाही. पुढची वीस-एक मिनिटं बापलेक ढगांवर, वाऱ्याच्या दिशेवर, यंदा पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, किती लावायची यावर बोलत होते. कोणी म्हणेल, यात कसलं समुपदेशन? माझ्या मते त्या दिवसाचं सगळं समुपदेशन त्या वीस मिनिटांत झालं, आणि ते होऊ देणं हेच माझं काम होतं.

माझ्या नजरेतून पाहिलं तर घडलं ते असं. निखिलनं सहल भेट म्हणून दिली, पण मनात ती परतफेड होती. परतफेड करणाऱ्याला पावती लागते. बाबा खुश दिसले असते तर ती मिळाली असती, म्हणून तो चार दिवस त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. आणि जन्मभर देत आलेला माणूस एका रात्रीत घेणारा झाला, तोही हातात काही काम नसताना. घरी ही माणसं प्रेम बोलून दाखवत नाहीत. कोणी पहाटे मोटार चालू करतो, कोणी डबा भरून देतं, कोणी रात्री दुकानाचा हिशेब जुळवतो. रिसॉर्टवर सगळ्यांचीच कामं काढून घेतली आणि एकमेकांशी बोलायचं साधनच गेलं.

आईंचंही तेच झालं. नाश्त्यानंतर सगळ्यांच्या ताटल्या त्या एकावर एक रचून ठेवायच्या, म्हणून नातवंडं हसायची. आणि प्राजक्ता? ती माझ्याशी एकटीनं बोलली तेव्हा म्हणाली, "मॅडम, मला राधानगरच्या किनाऱ्यावर फक्त तासभर एकटीनं पाण्यात पाय बुडवून बसायचं होतं. चार दिवसांत जमलं नाही." वर्षभर शाळा, घर आणि सासर सांभाळणाऱ्या बाईची ही मागणी फार लहान आहे. सहलीच्या बेतात तिला कोणी जागा ठेवली नव्हती, तिनं स्वतःसुद्धा.

म्हणून जाण्याआधी माझ्याकडे येणाऱ्यांना मी काही गोष्टी आवर्जून सांगते. थोरांना "येता का?" असं विचारू नका, "तुम्हाला तिथं काय पाहायचं आहे?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ते "तुम्ही जा, मी घर पाहतो" म्हणतील. दुसऱ्याला थांबून उत्तर देतील, आणि त्या उत्तरासाठी दिवसाचा एक भाग राखून ठेवा, मग ते जेल असो, मंदिर असो की नुसता बाजार. खर्चाचा आकडा लपवू नका. लपवला की ते मनात तिप्पट धरतात आणि घासागणिक हिशेब करत बसतात. आकडा एकदा सांगावा, हा पैसा कुठून आला आणि वावराच्या पैशाला हात लागलेला नाही हेही सांगावं, आणि नंतर मात्र तो तोंडावर मारू नये.

त्यांच्या हातात खरं काम द्या. जहाजाची तिकिटं आणि सगळ्यांची आधार कार्डं एका पिशवीत घालून ती बाबांकडे सोपवा. पहाटे उठणारे तेच आहेत, तर नातवाला किनाऱ्यावर न्यायची पाळी त्यांची. आईला सोबत शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा घेऊ द्या. लेकरांना तिसऱ्या दिवशी बुफेचा कंटाळा आला की सगळे तिच्याच डब्याकडे वळतील. आणि त्यांनी पानं झाडली तर झाडू द्या. पैसे भरले म्हणून हात बांधून बसण्याची सक्ती कोणावर होत नाही.

संध्याकाळचा विचार आधी करून ठेवा. तिथं सूर्य आपल्यापेक्षा तासभर लवकर मावळतो. सहा-सव्वासहाला अंधार झाला की जेवणापर्यंत करायला काही नसतं, आणि सगळे एका खोलीत अडकतात. माझ्याकडे आलेली बरीच भांडणं याच वेळची आहेत. पत्ते न्या, रोज एका थोरानं जुनी गोष्ट सांगायची असं ठरवा, नाहीतर सरळ दोन खोल्यांत दोन तास वेगळं राहा. एकत्र गेलो म्हणजे चोवीस तास एकत्रच दिसलं पाहिजे, हा हट्ट घरीही कोणी धरत नाही. घरच्या सुनेचा एक तास आधीच ठरवून घ्या आणि त्या वेळात लेकरं तिच्या नवऱ्यानं सांभाळावीत.

परत आल्यावर "मजा आली का?" विचारू नका. "तुम्ही काय पाहिलं?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत फोन खाली ठेवा.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. कधीकधी एखादा भाऊ येऊन म्हणतो, वावराच्या हिस्स्यांवरून घरात वर्षभर धुसफूस आहे, सगळ्यांना चार दिवस समुद्रावर नेलं तर मनं जुळतील का? त्याला मी स्पष्ट नाही म्हणते. तो वाद बेटावर सोबत येतो, आणि तिथून उठून बाहेर जायला वावरही नसतं. आधी ओसरीवर बसून, सातबारा समोर ठेवून बोलून घ्या. तिकिटं त्यानंतर काढा.