स्टोल, शेला की दुशाला?

आर्वी तालुक्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, दिराने श्रीनगरहून आणलेले, हाताने भरलेले एक लोकरी वस्त्र भाचीच्या लग्नात द्यायचे असून आहेराच्या यादीत त्याचे नाव काय लिहावे? पावतीवर 'स्टोल' असे छापले आहे, सासूबाई त्याला 'शेला' म्हणतात आणि यादी लिहून देणाऱ्या गुरुजींनी 'दुशाला' हा शब्द सुचवला आहे. त्यावरील कामाला कशिदा म्हणावे की भरतकाम, हीही त्यांची शंका आहे.

'स्टोल' चुकीचा नाही, पण आपल्याकडे तो आता दुसऱ्याच वस्तूला चिकटला आहे. वैशाखात पारा पंचेचाळिसाला टेकला की मुली गाडीवर बसण्याआधी तोंडाला गुंडाळतात ते सुती कापड म्हणजे विदर्भातला स्टोल. यादीत नुसते 'स्टोल' लिहिले, तर वऱ्हाडी मंडळींच्या डोळ्यांपुढे तेच कापड येईल.

गुरुजींचा 'दुशाला' ऐकायला भारदस्त आहे, परंतु त्यातल्या 'दु'चा अर्थ दोन असा आहे. काश्मिरी शाली पूर्वी जोडीने विणल्या व विकल्या जात, आणि कधी कधी दोन शाली पाठीला पाठ लावून शिवत, म्हणजे कामाची उलटी बाजू कोणाच्या नजरेस पडत नसे. अकबर बादशहा शाल दुहेरी करून पांघरू लागला आणि ती शोभून दिसे, अशी नोंद ऐन-इ-अकबरीत आहे. मराठीने या जोडीला 'शालजोडी' म्हटले आणि 'जोडी'तून 'जोडे' काढून गोड शब्दांत मारलेल्या टोमण्याला 'शालजोडीतले' हे नाव दिले. तेव्हा आहेराच्या यादीत हा शब्द टाळलेलाच बरा! कोणी म्हणेल की 'दुपट्टा' या शब्दातही दोन पट जोडल्याचाच अर्थ आहे, आणि आपल्याकडचा शेतकरी एकेरी कापड डोक्याला बांधून त्याला बिनदिक्कत दुपट्टा म्हणतो. आक्षेप रास्त आहे. मात्र दुपट्ट्यातले 'दोन' पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने झिजले आहे, तर 'दुशाला' आपल्या गावात कोणी बोलतच नाही. पुस्तकातून मुद्दाम उचललेल्या शब्दाचा अर्थ तरी शाबूत ठेवावा, असे मला वाटते.

सासूबाईंचा 'शेला' मला सर्वांत जवळचा वाटतो. शाल अंगभर पांघरायची. शेला खांद्यावरून सोडायचा, आणि त्याची रुंदी शालीपेक्षा कमी. बाजारातही साधारण ४० इंच रुंद आणि ८० इंच लांब असते ती शाल, तर तेवढ्याच लांबीचा पण २८ इंचांच्या आसपास रुंदीचा तो स्टोल. अडचण एवढीच की शेला म्हटले की रेशीम किंवा जरीकाठी सूत डोळ्यांसमोर येते, म्हणून 'लोकरी' हे विशेषण सोडू नये.

आता कामाविषयी. 'कशिदा' हा फारसी शब्द 'ओढणे, रेखणे' अशा अर्थाच्या धातूपासून आला आहे, आणि मराठीत आपण कशिदा 'काढतो', जशी रांगोळी काढतो. 'भरतकाम' हा शब्द मात्र 'भरणे'वरून आला आहे: रेघ आखून घ्यायची आणि आतली जागा टाक्यांनी भरून काढायची. एकाच कामाची ही दोन टोके आहेत आणि दोन्ही शब्द बरोबर आहेत. तरी काश्मीरमध्येही 'कशिदा' हाच शब्द चालतो, म्हणून येथे तो अधिक शोभेल.

त्यातही नेमके नाव हवे असेल तर कापड उलटून पाहावे. आकडीच्या हत्याराने काढलेला साखळीटाका असेल, म्हणजे वर कड्या गुंफल्यासारख्या दिसत असतील, तर ते आरीकाम होय. आरी हा शब्द आपल्याला चांभाराच्या हत्यारामुळे ओळखीचा आहेच, आणि हल्ली ब्लाउज शिवणाऱ्या भगिनींमुळे 'आरी वर्क' गावोगाव पोहोचले आहे. उलट, बारीक सुईने कापडाचे मोजके धागे उचलत घातलेले चिमुकले टाके असतील, तर ती 'सोजनी'. सोजन म्हणजे सुई. लाकडी ठशाने कापडावर नक्षी उमटवून मग सुई धरली जाते, आणि भरगच्च कामाची एक शाल पुरी व्हायला वर्ष उलटते. जाणता कारागीर दोन्ही बाजू सारख्याच सुबक काढू शकतो. त्या कामाला 'दोरुखा' म्हणतात. दुशाल्याने जी उलटी बाजू दुसऱ्या शालीआड लपवली, ती दोरुख्याने सुलटी करून दाखवली. वाचक भगिनींनी पाठवलेल्या वर्णनात 'मागूनही कोयऱ्या तशाच दिसतात' असे आहे, त्यावरून हे काम याच जातीचे असावे.

तेव्हा यादीत 'सोजनी कशिद्याचा लोकरी शेला, नग १' असे लिहावे. 'सोजनी'तला ज 'जेवण'मधल्यासारखा नव्हे, तर 'जमीन'मधल्यासारखा उच्चारावा. लिहिताना मात्र त्याखाली नुक्ता देण्याची मराठीत गरज नाही.