बहुपदीची पहिली ओळख

प्रश्न : नववीच्या वर्गात ३क्ष² + ५क्ष याचे उत्तर बरीच मुले ८क्ष³ असे लिहितात. बहुपदीची सुरुवात व्याख्येपासून करावी का? — एक शिक्षिका

उत्तर : माझ्या मते व्याख्या थोडी लांबवावी. मुलांकडून ३५२ ही संख्या ३×१०² + ५×१० + २ अशी लिहून घ्यावी आणि मग १० च्या जागी क्ष ठेवावा. शतकाचे आणि दशकाचे अंक एकमेकांत मिळवायचे नसतात हे त्यांना आधीच ठाऊक असल्यामुळे क्ष² आणि क्ष ही पदे वेगळी का राहतात, हे सहज पटते. ३क्ष² + २ चे सहगुणक रूप, म्हणजे क्ष² पासून उतरत्या क्रमाने पदांचे फक्त गुणक, (३, ०, २) असे लिहिताना मधले शून्य का सोडायचे नाही, हेही ३०२ वरून उलगडते. फरक एकच, येथे हातचा नसतो: ७क्ष + ५क्ष हे १२क्षच राहते.

चुकीचे उत्तर पडताळायला क्ष = १ मात्र घेऊ नये, कारण तेव्हा दोन्ही बाजू ८ येतात आणि चूक झाकली जाते; क्ष = २ घेतल्यास एकीकडे २२ आणि दुसरीकडे ६४ मिळतात. त्यानंतर व्याख्येकडे वळावे आणि चलाचा घातांक पूर्ण संख्याच हवा, म्हणून १/क्ष किंवा √क्ष असलेली राशी बहुपदी ठरत नाही, हे सांगावे.