स्टुटगार्टला निघण्याआधी: ऑफर एकाला, हिशोब दोघांचा

तुमचा मेल दोनदा वाचला. जर्मनीतल्या स्टुटगार्टची ऑफर हातात आहे, ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांसाठीचा इथला काम-परवाना) मिळेल, मुलगी चौदा महिन्यांची आहे, पत्नी बँकेत अधिकारी आहेत आणि त्या राजीनामा देणार आहेत. हिंजवडीला जाण्यायेण्यात तुमचे रोज तीन तास जातात, घरी पोहोचता तेव्हा मुलगी झोपलेली असते. तिकडे कामाचे तास ठरलेले असतात, घराला वेळ मिळेल, म्हणून जायचं म्हणता. आणि शेवटी विचारलंय, "आम्ही बरोबर करतोय ना?"

वेळ मिळेल की नाही, ही शंका मनातून काढून टाका. इथे जर्मनीत कायद्याने दिवसाचे आठ तास काम, ताणलं तरी दहा, आणि आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत मध्ये 11 तास विश्रांती. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान 20 दिवस भरपगारी रजा; बऱ्याच कंपन्या 28 ते 30 देतात. आजारी पडलात तर ते दिवस या रजेतून कापत नाहीत. संध्याकाळी साडेपाचला आमच्या मजल्यावर सफाईवाल्या बाईंशिवाय कोणी नसतं.

पण तुमच्या मेलमध्ये एक वाक्य सहज येऊन गेलंय: "मुलीला दिवसभर माझी आई बघते." तुमच्या दोघांच्या नोकऱ्या आज त्या वाक्यावर उभ्या आहेत, आणि इथे नेमकं तेच नसेल. पुण्यात तुमचं भांडण ऑफिसशी आहे. इथे ऑफिस कुरकुर न करता सोडतं आणि भांडण घरात येतं: आज कोण सुट्टी घेणार, कोणाची मीटिंग जास्त महत्त्वाची, कोणाची नोकरी थांबली तर चालेल. आमच्या घरात ते दोन वर्षं चाललं, म्हणून इतकं लांबलचक लिहितेय.

आम्ही 2013 च्या जूनमध्ये आलो. नवऱ्याची ऑफर, मी पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडलेली, मुलगा दोन वर्षांचा. त्याच वर्षी 1 ऑगस्टपासून इथे एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क लागू झाला. इथे त्याला किटा म्हणतात. मला वाटलं, झालं काम. जागा मिळायला तेरा महिने लागले. शिक्षिकाच पुरेशा नाहीत, मग कायदा असून करणार काय? मिळाली तीही सकाळी साडेसात ते दुपारी दीडची. सहा तासांच्या किटात मूल असताना पूर्णवेळ नोकरी कशी करायची, ते आजतागायत मला कोणी सांगू शकलेलं नाही.

म्हणून अर्ज करताना 'गान्त्सटाग', म्हणजे पूर्ण दिवसाची जागा, असं स्पष्ट मागा. महापालिकेची, चर्चची, खासगी संस्थांची, सगळीकडे नाव घाला, आणि 'टागेसमुटर' म्हणजे घरी चार-पाच मुलं सांभाळणाऱ्या परवानाधारक बाईंकडेही विचारा. लहान मुलांसाठी ती सोय मला तर जास्त मायेची वाटते. घर शोधताना स्टेशन किती जवळ यापेक्षा आसपास किती किटा आहेत ते आधी बघा. जागा मिळाली तरी मूल लगेच ठेवून येता येत नाही. आधी 'आइनगेव्हॅनुंग', म्हणजे मुलाला तिथे रुळवणं. पहिले दिवस आईने किंवा बाबांनी सोबत बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. दोन-चार आठवडे त्यात जातात, रडवं मूल असेल तर जास्तच. ते आठवडे तुम्ही घ्या, पत्नीवर सोडू नका. आमच्याकडे नवऱ्याची नोकरी नवीन म्हणून मीच बसले, आणि पुढे वर्षभर किटाचा प्रत्येक फोन मलाच यायचा, कारण ते मलाच ओळखत होते.

2015 च्या डिसेंबरात मला नोकरी लागली. फेब्रुवारीत, मी अजून प्रोबेशनवर असताना, सकाळी दहा-चाळीसला फोन आला: ताप 38.6, लगेच घेऊन जा. ताप उतरून 24 तास झाल्याशिवाय परत पाठवायचं नाही, म्हणजे उद्याचा दिवसही गेला. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून नवऱ्याला फोन लावला. तोही हळू आवाजात बोलत होता, म्हणजे मीटिंगमध्ये होता. "तू जातेस का?" "मागच्या दोन्ही वेळी मीच गेले." बराच वेळ कोणीच बोललं नाही. शेवटी मीच गेले. मुलगा किटाच्या पॅसेजमध्ये त्याच्या खुंटीखाली, त्या साळिंदराच्या चित्राखालच्या बाकावर जॅकेट घालून बसला होता, बूट उलटसुलट पायात. मला बघून रडला नाही, नुसता हात वर केला उचलून घ्यायला. तो हात मी विसरलेले नाही. रात्री जेवताना आम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही.

त्या आठवड्यात आम्ही फ्रिजवर कागद लावला. सोमवार-मंगळवार त्याचे, बुधवार-गुरुवार माझे, शुक्रवार आलटूनपालटून. ज्याचा वार, फोन त्याचा, मीटिंग कुठलीही असो. किटालाही तसं लिहून दिलं. हे येण्याआधीच ठरवा. ताप आल्यावर ठरवायला गेलं की ज्याचा पगार जास्त तो जिंकतो.

यासाठी कायद्यात सोय आहे. सरकारी आरोग्य विम्यात असाल तर बारा वर्षांखालच्या मुलाच्या आजारपणासाठी 2024 आणि 2025 साठी आई आणि वडील दोघांना प्रत्येकी 15 दिवस दिले होते; आता किती ते विमा कंपनीला विचारा. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण 90 टक्के रक्कम विमा कंपनी देते. सरकारी विमा ज्या पगारापर्यंत सक्तीचा असतो त्या मर्यादेच्या वर तुमचा पगार गेला तर एजंट खासगी विमा घ्या म्हणून मागे लागतील. तरुण माणसाला तो स्वस्त दिसतो. घेऊ नका. खासगी विम्यात हे पैसे नाहीत, आणि सरकारी विम्यात कमाई नसलेली पत्नी आणि मूल तुमच्याबरोबर फुकट येतात, तेही तिथे नाही.

आता तुमच्या पत्नीच्या नोकरीबद्दल. मेल तुमचा आहे, पण हा भाग दोघांनी एकत्र बसून वाचा. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला इथे पहिल्या दिवसापासून काम करायची परवानगी असते, व्हिसासाठी जर्मनची परीक्षाही लागत नाही. म्हणून बहुतेक जण भाषा न शिकता येतात आणि फसतात. तुमच्या कामाला इंग्रजी चालेल, बँकेच्या कामाला चालणार नाही. त्यांनी राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा मिळते का ते विचारावं आणि आजपासून जर्मन सुरू करावं. इथे आल्यावर क्लासची वेळ संध्याकाळची घ्या, म्हणजे मूल तुमच्याकडे राहील. घरी कोण बघणार या एका प्रश्नावर क्लास सुटलेल्या किती मराठी मुली मी बघितल्यात. सीए, डॉक्टर, आर्किटेक्ट, सगळ्या "पुढच्या वर्षी बघू" म्हणत बसलेल्या.

दुसरा खड्डा कर-वर्गाचा, म्हणजे पगारातून दरमहा किती कर कापायचा ते ठरवणाऱ्या गटाचा. लग्न झालेल्यांना तीन-पाच (एक जण तिसऱ्या वर्गात, दुसरा पाचव्या) किंवा चार-चार अशी जोडी निवडता येते. तीन-पाचमध्ये तुमच्या हातात जास्त पगार पडतो, म्हणून सगळे तेच सुचवतात. पण पत्नी नोकरीला लागल्या आणि पाचमध्ये असल्या की त्यांच्या पगारातून इतकं कापलं जातं की चिठ्ठी बघून त्या म्हणतील, एवढ्यासाठी मूल दिवसभर बाहेर ठेवायचं? वर्षाचा एकूण कर रिटर्न भरल्यावर तेवढाच होतो, पण त्यांचा बेकारी भत्ता किंवा पुढच्या बाळंतपणातला 'एल्टर्नगेल्ड', म्हणजे पालक-भत्ता, त्या कापलेल्या निव्वळ पगारावरून ठरतो. त्या कामाला लागतील त्या महिन्यात चार-चार करून घ्या. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेवा की भारतातला पगार एल्टर्नगेल्डच्या हिशोबात धरत नाहीत; आल्या-आल्या बाळ झालं तर महिना 300 युरोचा किमान भत्ता हाती येतो.

तुम्ही स्वतः काय करू शकता ते कोणी सांगणार नाही म्हणून सांगते. तुमच्या मुलीसाठी तुम्हालाही 'एल्टर्नत्साइट', म्हणजे पालकत्व रजा, घेता येते, ती इथे जन्मलेली नसली तरी. पंधराहून जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत सहा महिन्यांवर नोकरी झाली की या काळात आठवड्याला 32 तासांपर्यंत अर्धवेळ काम करायचा हक्क मागता येतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी सात आठवडे आधी लेखी कळवायचं. पगार तेवढा कमी होईल, पण आठवड्यातला एक अख्खा दिवस तुमचा आणि मुलीचा, आणि तो दिवस पत्नीला नोकरी शोधायला किंवा करायला मोकळा. 2017 मध्ये आमची मुलगी झाली तेव्हा माझ्या नवऱ्याने घेतली. त्याचा जर्मन साहेब सहज हो म्हणाला. आढेवेढे आपल्याच माणसांनी घेतले: सासूबाईंना तो महिनाभर फोनवर पटवून देत होता की नोकरी गेलेली नाही.

आईंना आणण्याबद्दल: व्हिजिट व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस, त्यापुढे नाही. 1 मार्च 2024 पासून पुढे पहिल्यांदा परमिट मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना कायमचं आणायची नवी वाट उघडलीय, पण त्यांच्या आरोग्य विम्याचा खर्च तुमच्या डोक्यावर असतो आणि त्या वयात विमा मिळवणंच अवघड. 90 दिवसांसाठी येणार असतील तर बाळंतपणाला किंवा किटाच्या पहिल्या हिवाळ्याला आणा, तेव्हा मुलं दर पंधरा दिवसांनी आजारी पडतात. माझी आई अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी परत गेली. मुलगी दोन महिन्यांची होती. आईने जाताना फ्रीजरमध्ये पुरणाचे डबे भरून ठेवले होते, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी.

किटाच्या फॉर्ममध्ये एक रकाना येतो: आईवडिलांशिवाय मुलाला घेऊन जायला कोण येऊ शकेल? पुण्यात तुम्हाला जागा पुरली नसती. आमच्या फॉर्मवर तिथे वर्षभर काहीच नव्हतं; नंतर खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंचं नाव आलं, आधी चकल्या देऊन ओळख केली तेव्हा. तुम्हाला वर्षभर थांबायला नको. आम्ही स्टुटगार्टमध्येच, फायरबाख भागात राहतो. या, मुलीची माझ्याशी गट्टी जमू दे, आणि पहिल्या ओळीत माझं नाव घाला.