फॅकल्टी लर्निंग कम्युनिटी म्हणजे नेमकं काय, आणि ती कॉलेजात कशी चालवावी?

वेगवेगळ्या विभागांतले ८ ते १२ प्राध्यापक वर्षभर नियमित भेटून आपापल्या शिकवण्यावर काम करतात, तो हा गट. अमेरिकेत ओहायोतल्या मायामी विद्यापीठात १९७९ पासून असे गट चालतात. ही पद्धत तिथे मिल्टन कॉक्स यांनी रुजवली.

दर तीन आठवड्यांनी दोन तास पुरतात. सुरुवातीला प्रत्येकाने आपण शिकवतो त्यातला एकच विषय आणि त्यातली एकच अडचण लिहून काढावी. 'मुलं लक्ष देत नाहीत' एवढ्यावर भागत नाही. 'प्रमेय पाठ असतं, पण नवीन गणित आलं की कुठलं लावायचं ते सुचत नाही' इतकं नेमकं हवं. मग काहीही बदलण्याआधी पुरावा गोळा करा: गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका, किंवा तास संपताना निनावी चिठ्ठीवर 'आज काय कळलं नाही' याची एक ओळ. बहुतेक गट घाईत हेच गाळतात, आणि वर्षअखेरीस नव्या पद्धतीने फरक पडला का, ते सांगता येत नाही.

सहभाग ऐच्छिक ठेवा. गटातलं बोलणं मूल्यमापनाशी किंवा बढतीशी मुळीच जोडू नका. तसं झालं की कुणी खरी अडचण सांगत नाही, नुसती सादरीकरणं होतात. प्राचार्यांकडून मागायचं ते एवढंच: वेळापत्रकात या बैठकांसाठी राखून ठेवलेला वेळ. कॉलेज सुटल्यावरच्या बैठकांना पेपर तपासणी सुरू झाली की गळती लागते.