चौकातला फ्लेक्स आणि मुलाची पुढची पाच वर्षे

भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून एका वडिलांनी चार पानी पत्र पाठवले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : “मी रेल्वेत फिटर आहे. मुलगा यंदा दहावी झाला, ७१ टक्के मिळाले. आठव्या वर्षापासून तो हॉकी खेळतो आणि हाफच्या, म्हणजे मधल्या फळीतल्या, जागी खेळतो. यंदा राज्याच्या सब-ज्युनिअर संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळून आला, तेव्हापासून चौकात त्याचा फ्लेक्स लागला आहे. मैदानाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी जुने खेळाडू आणि हॉकीचे शौकीन बसतात, त्यांच्यात आता दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, हा पुढचा धनराज आहे, याला शाळेत अडकवू नका. दुसरा म्हणतो, आपल्या मातीतून आजवर कोण वर गेले, मुकाट्याने सायन्सला घाला. पहिल्या तटाने वर्गणी काढून त्याला बाहेरगावच्या एका खासगी अकादमीत पाठवायचे ठरवले आहे. उरलेल्या रकमेसाठी गावाकडची दोन बिघे जमीन काढावी, असे माझे थोरले भाऊ म्हणतात. मी काय करावे?”

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मुलाचे कौतुक वाटले. दुसऱ्या वाचनात, कट्ट्यावरच्या किती जणांची मते आपण लिहिली आहेत ते मोजले, तेव्हा ती नऊ निघाली. मुलाचे मत मात्र चार पानांत एकदाही आलेले नाही. त्याकडे मी शेवटी येतो. आधी कट्ट्यावरच्या वादाबद्दल लिहितो, कारण आपली झोप त्यानेच उडवलेली दिसते.

दोन्ही तटांचा हेतू चांगला आहे, परंतु सोळाव्या वर्षीचा खेळ पाहून तिसाव्या वर्षीचा निकाल सांगण्याची घाई दोघांनाही झालेली आहे. ज्या धनराज पिल्ले यांचे नाव घेतले जाते, त्यांचाच प्रवास पाहा. खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत त्यांचे बालपण गेले, पुढे थोरल्या भावाच्या मागोमाग ते मुंबईला गेले, तिथल्या कंपन्यांच्या संघांतून खेळले आणि १९८९ मध्ये, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, भारतीय संघात आले. सोळाव्या वर्षी त्यांचा फ्लेक्स कोणी लावला नव्हता. पुढे ते चार ऑलिम्पिक खेळले, १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले, आणि तरीही त्या चार ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या वाट्याला एकही पदक आले नाही. तेव्हा ‘पुढचा धनराज’ म्हणताना नेमके काय अपेक्षित आहे, त्यांची उंची, त्यांचे कष्ट की त्यांचे नशीब, हे त्या मंडळींनी एकदा आपसांत ठरवून घ्यावे.

दुसरे उदाहरण आपल्या मुलाच्या वयाला अधिक जवळचे आहे. २०१६ मध्ये लखनौला भारताने ज्युनिअर विश्वचषक जिंकला. त्या संघाचा कर्णधार हरजित सिंग होता, आणि तो पुढे दहा वर्षे भारताची मधली फळी सांभाळेल असे अनेक जाणकारांना वाटत होते, पण पाच वर्षांनी टोकियो ऑलिम्पिकला गेलेल्या संघात त्याचे नाव नव्हते. त्याच ज्युनिअर संघातला हरमनप्रीत सिंग मात्र टोकियोत कांस्यपदक मिळवून, २०२४ ला पॅरिसमध्ये कर्णधार म्हणून पुन्हा कांस्यपदक घेऊन आला. सिमरनजीत सिंगची कथा तर मला फार आवडते. लखनौच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला होता, तरी टोकियोसाठी पहिल्या सोळांत त्याची निवड झाली नाही. त्या वर्षी राखीव खेळाडूंनाही संघात घेण्याची मुभा मिळाली, म्हणून तो मैदानात उतरला, आणि जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात, जो भारताने ५-४ असा जिंकला, त्याने दोन गोल केले. जगज्जेत्या ज्युनिअर संघाबाबत देशातल्या निवड समितीलाही जे आधी सांगता आले नाही, ते सोळा वर्षांच्या मुलाबाबत आपल्या कट्ट्याला सांगता येईल, असे मला वाटत नाही.

याचे एक कारण शरीराचे आहे, आणि ते आपल्याच पत्रात दडलेले आहे. मुलगा पाच फूट नऊ इंच आहे, मिसरूड फुटून दोन वर्षे झाली, समोरची पोरे त्याच्या खांद्याला लागतात, असे आपण अभिमानाने लिहिले आहे. ज्यांची वाढ लवकर होते, ती मुले सोळा वर्षांखालील गटात ताकदीने आणि वेगाने उठून दिसतात, आणि पाहणाऱ्याला ती खेळाची समज वाटते. मागे राहिलेली मुले अठरा-एकोणिसाव्या वर्षी त्यांना गाठतात. तेव्हा ज्याने चेंडू घेण्यापूर्वी मान वर करून मैदान पाहण्याची सवय लावून घेतली असेल तो टिकतो, आणि जो केवळ धडक मारून निघून जात असे तो अडकतो. आपला मुलगा यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो, हे मला पत्रावरून कळणार नाही. त्याच्या प्रशिक्षकांना एवढेच विचारा, की त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आणि तितक्याच अंगापिंडाच्या मुलांत तो खेळतो तेव्हा काय होते. त्या उत्तराला कट्ट्यावरच्या नऊ मतांहून जास्त किंमत आहे.

दुसरे कारण मैदानाचे. आपल्याकडे तो मातीवर वाढला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, खेळली गेली आणि त्या वर्षी भारत सातवा आला, ही गोष्ट कट्ट्यावरच्या ज्येष्ठांना ठाऊक असेलच. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून मुलगा तो थांबवून, सावरून, मग खेळायला शिकतो. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगाने येतो, आणि सावरायला तेवढा अवधी मिळत नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग आणि कितीही वेळा खेळाडू बदलण्याची मुभा यांमुळे आता प्रत्येकाकडून थोडा वेळ पण पूर्ण वेगाने पळण्याची अपेक्षा असते. ही सवय वर्षातून दोन स्पर्धा टर्फवर खेळून लागत नाही. म्हणून ‘आपल्या मातीतून कोण वर गेले’ असे म्हणणाऱ्यांचा निष्कर्ष मला मान्य नसला, तरी त्यांची शंका खरी आहे, आणि त्याला रोज टर्फ मिळेल अशी सोय येत्या वर्षभरात पाहणे हे आपले पहिले काम आहे.

आता जागांचा हिशेब. ऑलिम्पिकचा संघ सोळा जणांचा असतो आणि एकदा बसलेला चांगला खेळाडू लवकर उठत नाही. गोलरक्षक श्रीजेश २००६ पासून २०२४ पर्यंत भारताकडून खेळला, मनप्रीत सिंग २०१२ पासून सलग चार ऑलिम्पिक खेळला. त्यामुळे चार वर्षांत मोकळ्या होणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात, आणि त्यांसाठी पंजाब, ओडिशा, हरयाणा, झारखंड, मध्य प्रदेश, मणिपूर येथली मुले रांगेत असतात. ‘लीगमध्ये लाखो मिळतात’ असेही आपल्याला कोणी सांगितले आहे. हॉकी इंडिया लीग २०२४-२५ च्या हंगामात पुन्हा सुरू झाली, पुरुषांचे आठ संघ होते आणि प्रत्येक संघात किमान सोळा भारतीय, त्यांत चार ज्युनिअर, असा नियम होता. म्हणजे सगळे मिळून साधारण १२८ भारतीय. त्या लीगसाठी झालेल्या खेळाडूंच्या लिलावात हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले हे खरे, पण सर्वांत खालची पायाभूत किंमत दोन लाख होती, आणि तीही एका हंगामाची. दोन लाख रुपये लहान रक्कम नाही, पण दोन बिघे जमिनीची भरपाई तेवढ्यात होत नाही.

भाऊ, म्हणून माझे पहिले स्पष्ट मत : जमीन विकू नका. आणि त्या अकादमीची फी भरण्याआधी एक दिवस कोणालाही न सांगता तिथे जाऊन या. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता. त्याच्या वडिलांनी कर्ज काढून त्याला एका खासगी अकादमीत ठेवले होते. माहितीपत्रकावर हिरवेगार टर्फ होते, प्रत्यक्षात ते आठवड्यातून दोन सकाळी भाड्याने घेतलेले निघाले, बाकीचे दिवस मुले डांबरी आवारात पळत. दोन वर्षांनी तो परत आला तेव्हा हॉकी होती तिथेच होती आणि बारावी हुकली होती. सगळ्या अकादम्या अशा नसतात, हेही लिहून ठेवतो. पण टर्फ आठवड्यातून किती तास, प्रशिक्षकाची पदविका कुठली, मागील तीन वर्षांत तिथली किती मुले राज्य संघात गेली, आणि दुखापत झाल्यास खर्च कोण करतो, हे प्रश्न विचारल्यावर उत्तर टाळले गेले, तर तिथूनच परतीची गाडी धरावी.

त्याआधी सरकारी दारे ठोठावा, कारण तिथे वर्गणी लागत नाही. खेळाडू घडवणारी राज्याची क्रीडा प्रबोधिनी १९९६ पासून आहे, पुण्याच्या बालेवाडीतील केंद्रात हॉकी शिकवली जाते, आणि निवड चाचण्यांची माहिती जळगावच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांच्याही चाचण्या निघतात. केंद्र सरकारच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या खेळाडूला प्रशिक्षणाखेरीज महिन्याला दहा हजार रुपये हातखर्च मिळतो. चाचणीला जाताना जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे याची खात्री आजच करून घ्या. वयाच्या तपासणीत हाडांची चाचणीही होते, आणि अंगाने भरलेल्या मुलाकडे संशयाने पाहिले जाते, त्यामुळे कागद चोख असणे आपल्या मुलाला इतरांहून अधिक गरजेचे आहे.

शिक्षणाबद्दल माझे मत कदाचित दोन्ही तटांना आवडणार नाही. सायन्स घेऊन सकाळी क्लास, दुपारी कॉलेज आणि संध्याकाळी मैदान अशी रचना या मुलाला झेपेल असे मला वाटत नाही, आणि गणितात त्याला गोडी नाही हे आपणच लिहिले आहे. त्याला कला किंवा वाणिज्य शाखेत घाला, पण शिक्षण सोडू देऊ नका. चाचणीत यश येऊन तो बाहेरगावी गेला आणि तिथे नियमित कॉलेज जमले नाही, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खासगीरीत्या, बारावी देता येते, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे. भारताचे हॉकीपटू वीरेन रस्किन्हा २००४ चे अथेन्स ऑलिम्पिक खेळले आणि २००८ मध्ये, खेळण्याचे वय असतानाच, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये शिकायला गेले. पदवी हाताशी होती म्हणून तो निर्णय त्यांना घेता आला.

नोकरीचे गणित आपल्याला माझ्याहून चांगले कळते, कारण आपण रेल्वेत आहात. खेळाडू कोट्यातल्या भरतीची वयोमर्यादा १८ ते २५ आहे, तिथे वरिष्ठ राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू उतरतात, आणि सब-ज्युनिअरचे प्रमाणपत्र एकट्याने तिथे पुरत नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीची कामगिरी लागते हे ठरलेले असते आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या उपसंचालकांकडून, आपल्यासाठी नाशिकहून, करून घ्यावी लागते. प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. फ्रेम करून भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र ऐन वेळी काढताना फाटल्याचे मी पाहिले आहे.

अपेक्षा किती ठेवावी, असे आपण विचारता. येत्या दोन वर्षांत रोज टर्फ मिळावे आणि अठराव्या वर्षापर्यंत राज्याच्या ज्युनिअर संघात त्याची जागा पक्की व्हावी, एवढीच ठेवा. तसे झाले आणि ज्युनिअर राष्ट्रीय शिबिराचे बोलावणे आले, तर आणखी तीन वर्षे हॉकीला निःशंक द्यावीत. बोलावणे आले नाही, पण राज्य संघातली जागा टिकली, तर विद्यापीठाचा संघ, खेळाडू कोटा, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षकाची पदविका किंवा पंचगिरी यांकडे वळता येते, आणि त्याला मी अपयश म्हणणार नाही. राज्य संघातही जागा मिळाली नाही, तर तो एक चांगला क्लब खेळाडू होईल आणि पदवीच्या आधारावर दुसरे काही करील. या तीनही शक्यतांपैकी मला मधली सर्वांत जवळची वाटते. मी त्याला खेळताना पाहिलेले नाही, एवढे लक्षात घेऊन माझे मत तोला.

कट्ट्यावरच्या मंडळींशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. जमलेली वर्गणी परत करण्याची गरज नाही. त्यातून टर्फसाठीचे बूट, दोन चांगल्या स्टिक, चाचण्यांचा प्रवास आणि एका फिजिओथेरपिस्टकडची तपासणी एवढे भागते, आणि हिशेब त्या मंडळींनीच ठेवावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पहाटे साडेपाचला त्याच्याबरोबर मैदानावर कोण येणार, हेही त्यांनाच ठरवू द्या. फ्लेक्स मात्र उतरवून घ्या. त्याखालून रोज कॉलेजला जाणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला एखाद्या चाचणीत नापास होणेही अवघड होऊन बसते.

आता मुलाचे मत. त्याला कट्ट्यावर नेऊन, भावांसमोर बसवून विचारू नका, तो सगळ्यांना हवे तेच बोलेल. हे पत्र त्याला एकट्याला वाचायला द्या आणि आठ दिवस काही बोलू नका. त्यानंतर, सामना नसलेल्या दिवशी, कोणी न सांगता तो स्टिक घेऊन बाहेर पडतो का, आणि पडत असेल तर मैदानावर जाऊन नेमके काय करतो, हे त्याने स्वतःच्या अक्षरात मला लिहून पाठवावे. शुद्धलेखन तपासू नका. त्याचे पत्र आल्यावर चाचण्यांच्या तारखा पाहून पुढचे ठरवू.

आपला,
करिअर मार्गदर्शक, जळगाव