गंजलेल्या जुन्या मोटारसायकलसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न: पन्नास वर्षांपूर्वीची मोटारसायकल जवळजवळ भंगाराच्या भावात मिळते आहे. कित्येक वर्षं उघड्यावर उभी होती, सगळीकडे गंज आहे, इंजिन जाम आहे. मुदत ठेव मोडून ती दुरुस्त केली आणि विकली, तर फायदा होईल का?

उत्तर: ठेव मोडू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. गाडी घेऊच नका, असं मात्र माझं म्हणणं नाही.

तुमचं लक्ष खरेदीच्या किमतीवर आहे आणि या व्यवहारात बहुधा तोच सगळ्यात लहान आकडा ठरेल. टायर, चेन, केबल, बेअरिंग, ऑइल सील, वायरिंग हे सगळं इतक्या जुन्या गाडीत गंज असो वा नसो, बदलावंच लागतं. गंजाचा खर्च त्याच्यावर. मडगार्डवरचा तांबूस थर बघून लोक दचकतात, पण तो वरवरचा असेल तर घासून-रंगवून भागतं. चेसिसचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, तसं नाही. हँडल जिथे चेसिसला बसतं तिथे, मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मच्या पिनेपाशी आणि सीटखालच्या नळ्यांवर स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर देऊन दाबा. ते आत घुसलं, तर ती गाडी सुटे भाग काढून घेण्यापुरतीच समजा. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्यांवरून नख फिरवा. खड्डे लागले तर नवे सीलही गळणार.

जाम इंजिनाची मला त्यामानाने कमी धास्ती वाटते. बऱ्याचदा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असतात. बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा कोरून, मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो, अर्थात तो मिळत असेल तर. जास्त महागात पडतात ते गायब असलेले भाग. गंजलेला भाग निदान नमुना म्हणून हाती असतो, नसलेला कार्ब्युरेटर महिनोन्‌महिने शोधावा लागतो. आणि चेसिसवरचा नंबर कागदपत्रांशी जुळत नसेल, तर फुकटसुद्धा घेऊ नका.

आता हिशेब. याच मॉडेलच्या चालू गाड्या प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या ते काढा. जाहिरातीतला भाव धरू नका, तो विकणाऱ्याच्या मनातला असतो. खरेदी, सुटे भाग, क्रोमिंग-पेंटिंगसारखी बाहेरची कामं यांची बेरीज करा आणि वर तिच्या निम्मी रक्कम न दिसलेल्या कामांसाठी ठेवा. (स्वतःचे रविवार धरू नका, नाहीतर हिशेब तिथेच बुडेल.) ही बेरीज विक्रीच्या भावापुढे गेली, आणि सहसा जातेच, तर हा धंदा नाही, छंद आहे. छंदावर जरूर खर्च करा, पण महिन्याच्या शिलकीतून, जमेल तसतसा.

सौदा करण्याआधी मालकाला विचारून, मजुरी देऊन, एखाद्या मेकॅनिककडून इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडून घ्या. मालक नको म्हणाला, तर इंजिन बाद आहे असं धरूनच भाव सांगा.